दोन्हींत मीठ

१२ फेब्रुवारी

वन्सं,

वर मायना घातलेला नाही. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर नणंदेला कुठला मायना घालतात ते मला ठाऊक नाही आणि त्याच पायी दोन कागद फुकट गेले. तुम्हाला हवा तो तुम्हीच लावून घ्या.

कामाचं लिहिते. मला जुन्या मीठदाण्या आणि मिरीदाण्या ओळखायला शिकायचंय.

हसू नका. साच्यात दाबलेली काच आणि खोकल्याच्या औषधाची बाटली यातला फरक वहिनीला कळत नाही, असं तुम्हीच एकदा भरल्या टेबलावर म्हणाला होतात. तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण म्हणणं खोटं नव्हतं. जुन्या काचसामानाच्या या दुकानात काच बघायची तुम्ही बहीण-भावांनी आणि धूळ पुसायची मी, अशीच वाटणी होती. आता पुसता पुसता बघावंसं वाटतं, एवढंच. घरात वेळ जात नाही.

आमची भिंगरी हल्ली दुकानातच असते. तुम्ही तिला मांडीवर घेऊन भिंगातून काच दाखवायचात, ती आता तुमच्या दादांपेक्षा बोटभर उंच आहे. ओळखचिठ्ठ्या तीच लिहिते. नक्षी कुठली, साचा किती जुना, झाकण मूळचं की मागून बसवलेलं, सगळं सुवाच्य अक्षरात. खाली सही तुमच्या दादांची. ती सही असली की या धंद्यात अजूनही कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही.

दादा बरे आहेत. थोडे आळशी झालेत. पेपर मला वाचायला लावतात. गिऱ्हाईक समोर आलं की मान तिरकी करून त्याच्या कानाकडे बघत बोलतात, त्यामुळे नवी माणसं समजतात की दुकानदार फार शिष्ट आहे. मी कुणाला काही समजावत बसत नाही.

तर मला कसं बघायचं ते लिहून पाठवा. हे पत्र त्यांना माहीत नाही, भिंगरीलाही नाही. उत्तर माझ्या नावावर पाठवा.

जाता जाता: तुम्ही चष्म्याच्या दुकानात काचा घासता असं कळलं. डोळ्याच्या बरोबर मध्यभागी डाग पडला, म्हणजे कडेचं सगळं दिसतं पण समोरच्याचं तोंड तेवढं दिसत नाही, तर त्यावर चष्मा निघतो का? शेजारणीसाठी विचारतेय.

तुमची वहिनी


२६ फेब्रुवारी

वन्सं,

कार्ड मिळालं. कार्डच! इतक्या वर्षांनी तुमचं अक्षर बघायला मिळालं आणि त्यात काय, तर ‘आधी बूड बघा. मग शिवणीवरून बोट फिरवा. झाकण सगळ्यात शेवटी, झाकण बदलता येतं.’ कशा आहात, काय करता, एक अक्षर नाही. कडेला दाटीवाटीनं मात्र लिहिलंत, ‘शेजारणीला सांगा, चष्म्यानं जात नाही. डॉक्टरकडे न्या.’

शेजारणीला नेलं होतं. उशीर झालाय म्हणाले.

असो. मी अभ्यास सुरू केलाय. पहिला हात आमच्या टेबलावरच्या जोडीवर, माझ्या लग्नात तुम्ही दिलेली ती, माशाच्या खवल्यांसारख्या नक्षीची. पालथी घालून भिंगाखाली धरली. बुडाच्या कडेवर चरेच चरे, कुठला आडवा, कुठला तिरका, एकाचा एकाला मेळ नाही. तुम्ही लिहिलंत तसंच. माणूस मीठ मागतो, दुसरा ते टेबलावरून सरकवतो, कधी इकडून कधी तिकडून, आणि काच ते सगळं बुडाशी टिपून ठेवते. हे कळलं तेव्हा, खरं सांगते, अंगावर काटा आला. आमचे सगळे रुसवेफुगवे तिथे बुडाला उमटलेले असणार. तुमचे दादा रागावले की मीठदाणी जरा जोरातच सरकवतात.

शिवणही सापडली. साच्याचे दोन भाग जुळतात तिथली ती बारीक उभी रेघ. जुन्या काचेची शिवण हाताळून मऊ झालेली असते म्हणता, तशीच लागली.

मग फडकं घेऊन दुकानात गेले. फडकं घेतलेली बाई कुणाच्या नजरेत भरत नाही. तिसऱ्या फळीवर सध्या जोड्या मांडल्यात, खरबुजाच्या फाकांसारख्या, मण्यांच्या माळेच्या, निळ्या, मधाच्या रंगाच्या. इतक्या जोड्या मी या दुकानात एकदम कधी पाहिल्या नव्हत्या. तुम्ही म्हणायचात ना, सुटी मीठदाणी शंभर ठिकाणी मिळेल, जोडी मिळायला नशीब लागतं. गेल्या वर्षभरात आमचं नशीब फळफळलंय म्हणायचं.

एकेकीची बुडं बघितली. प्रत्येक जोडीत एकीचे चरे आमच्या टेबलावरच्यासारखेच, अस्ताव्यस्त. दुसरीचे मात्र विंचरलेल्या केसांसारखे, सगळे एका दिशेनं.

कुणी एकाच बाजूला सरकवत असेल. डावखुरी माणसं असतात.

एक गंमत सांगायची राहिली. या जोड्या तुमचे दादा विकत नाहीत. कुणी मागितली की ‘ती दुसऱ्यासाठी ठेवलीय’ म्हणतात आणि मान तिरकी करतात. मी विचारलं कुणासाठी, तर म्हणाले, ‘तुला काय करायचंय?’ संसाराच्या सुरुवातीपासून हेच एक उत्तर ऐकतेय. जेवताना मात्र हल्ली त्यांचा मिठाचा अंदाज चुकतो. अंड्यावर एवढं घालतात की बघवत नाही. मी ताट बदलते.

वहिनी


९ मार्च

वन्सं,

तुमच्या दुसऱ्या कार्डावर एकच ओळ आहे, ‘वहिनी, खरं काय झालंय?’

तुमच्याशी लपंडाव खेळण्यात अर्थ नव्हता. लिहिते.

वेळ जात नाही वगैरे थाप होती. महिन्यापूर्वी मागच्या खोलीत, जिथं तुम्ही दोघं काच धुवायचात, तिथल्या मोरीच्या कट्ट्याखाली मला झाकलेली बादली सापडली. आत मिठाचं पाणी, इतकं दाट की कडेला खडे धरलेले. त्यात तीन-चार दाण्या बुडवलेल्या आणि त्यांची झाकणं. झाकणांवर हिरवा कळंक चढत होता. शेजारी फळकुटावर घासकागद चिकटवलेला होता. मी बादली झाकली, जागच्या जागी सरकवली आणि स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसले.

म्हणजे नव्या काचेला म्हातारं करायचं काम आमच्या घरात चाललंय. आणि मागच्या खोलीत दार लोटून तासन्‌तास बसतं कोण, तर तुमचे दादा. मी दाराशी कान लावला. काचेवर काच टेकल्याचा आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा तो आवाज. डोळे गेले तरी हात आहेत, आणि मिठाच्या पाण्यात काच बुडवायला डोळे लागत नाहीत.

शेजारीण कोण ते तुम्ही पहिल्याच पत्रावरून ओळखलं असणार, त्याबद्दल आता काय लिहू. समोरचं काही दिसत नाही त्यांना. बाहेर कुणाला माहीत नाही. ‘काचवाल्याचे डोळे गेले हे कळलं तर उद्या दुकान बंद कर,’ असं त्यांनी मला बजावलंय. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेय.

मला भीती कशाची वाटते ते सांगते. वस्तुसंग्रहालयाच्या बाई येऊन गेल्या. जेवणाच्या टेबलावरच्या जुन्या काचेचं दालन उघडतायत. तिसऱ्या फळीवर त्यांचा जीवच जडला. सगळ्याच्या सगळ्या जोड्या हव्यात, प्रत्येकीखाली तुमच्या दादांचं नाव लिहिलेली पाटी. तुमचे दादा गप्प बसले. भिंगरीच म्हणाली, ‘हो, देऊ की.’ या महिन्याच्या शेवटी त्या ओळखचिठ्ठ्यांसह न्यायला येणार आहेत. चिठ्ठ्या लिहून तयार आहेत, सह्या बाई आल्यावर त्यांच्यासमोर. संग्रहालयात काय, जाणती माणसं येणार, आज नाही तर उद्या कुणीतरी पालथी घालून बघणार. मग सासऱ्यांपासून चालत आलेलं नाव एका दुपारी मातीत. आणि चिठ्ठीवर अक्षर माझ्या मुलीचं. तिनं अजून आयुष्यात काही केलेलंही नाही, वन्सं. सुरुवातच अशी?

मला अजून खात्री नाही. खात्री नसताना नवऱ्याला चोर कसं म्हणू? म्हणून विचारते. तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्ही करंगळीनं काय बघितलंत?

मला तो दिवस लख्ख आठवतो. मी जिन्यात पडदे घेऊन उभी होते. काउंटरपाशी गिऱ्हाईक, तुमचे दादा जोडी दाखवतायत, अगदी रंगात आलेले. तुम्ही आतून आलात, दोन्ही दाण्या उचलल्यात, झाकणं काढलीत, करंगळी एकीत घातलीत, मग दुसरीत. आणि म्हणालात, ‘दादा, हे जोडपं नाही.’ गिऱ्हाईक हसलं. दादांचा चेहरा काळाठिक्कर पडला. ‘माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकासमोर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटतेस?’ असं म्हणाले. तुम्ही भिंग काउंटरवर ठेवलंत आणि निघालात. मला वाटलं, जेवायला याल.

काय होतं त्या दाण्यांत?

वहिनी


१७ मार्च

वन्सं,

या वेळी पत्र आलं, पाकिटातून. दोनदा वाचलं. ते वाक्य आता मला पाठ झालंय. ‘मीठ काच खातं, मिरी खात नाही. एका टेबलावर जन्म काढलेल्या जोडीत एकच दाणी आतून धुरकट आणि खरखरीत होते, दुसरी तुळतुळीत राहते. त्या दिवशीच्या दोन्ही खरखरीत होत्या. दोन्हींत मीठ होतं. म्हणजे दोन घरांतून आणून एकत्र उभ्या केलेल्या.’

मी आमची जोडी रिकामी केली, धुतली, पुसली. कुठली कुठली ते डोळ्यांना कळेना. करंगळी घातली. एकीत मांजराच्या जिभेसारखं लागलं, दुसरीत बोट घसरलं. एवढा जन्म शेजारी शेजारी काढून दोघींचं म्हातारपण किती वेगळं! एकीचं झाकण खाऊन गेलंय, रोज टाचणीनं भोकं मोकळी करते. दुसरीला काही झालेलं नाही. आमच्या दोघांत मीठ कोण ते विचारू नका.

मग दुपारी दुकान बंद असताना तिसऱ्या फळीकडे गेले. फाकांची जोडी. करंगळी एकीत घातली, खरखरीत. दुसरीत घातली, खरखरीत. माळेची जोडी, तेच. मधाच्या रंगाची, तेच. सगळ्या जोड्यांत दोन्हींत मीठ, वन्सं. करणाऱ्यानं जुनी सुटी मीठदाणी आणली, तिच्या साच्यावरून हल्ली पाडतात तसली नवी आणली आणि नवीला जुनीसारखं करायच्या नादात मिठात बुडवली. जोडीतली दुसरी वेगळी म्हातारी होते, हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे तुमच्या दादांच्या लक्षात येणार नाही असं कसं होईल? ज्या वाक्यापायी त्यांनी सख्ख्या बहिणीला घालवलं, ते वाक्य ते विसरतील?

मागच्या खोलीचं दार उघडं होतं. भिंगरी मोरीपाशी पाठमोरी बसली होती. घासकागदावर मीठदाणीचं बूड, एका दिशेनं, सरळ. अगदी मन लावून. तुम्ही तिला भिंगातून दाखवायचात तेव्हा जीभ जरा बाहेर काढून बघायची, तशीच जीभ बाहेर.

मी म्हटलं, ‘अगं, कधीपासून?’

ती दचकली नाही. मीठदाणी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘बाबांना सांगू नकोस.’

‘बाबांना सांगू नको? बाबांच्या सहीनं जाणार आहे हे!’

‘आई, तुला आठवतं का, डॉक्टरांकडून आल्यावर बाबा काचेला हात लावेनात. खुर्चीत बसायचे आणि रस्त्याकडे कान देऊन असायचे. जेवायचे नाहीत. मला एक जुनी फाकांची मिळाली होती, सुटी. मी तिची नवी जोडीदारीण आणली, जरा जुनी केली आणि दोन्ही त्यांच्या हातांत दिल्या. तू होतीस ना तेव्हा? कसे ताठ बसले! जोडी मिळाली, जोडी मिळाली करत होते. त्या दिवशी पोटभर जेवले.’

मला आठवत होतं. मी तेव्हा मोरीवर भांडी घासता घासता रडले होते, आनंदानं.

‘मग दुसरी केली. मग तिसरी. फळीवर ठेव म्हणतील हे मला काय माहीत? विकत नव्हते म्हणून मी निवांत होते.’

‘मग त्या बाईंना हो का म्हणालीस?’

‘त्या बाबांना म्हणाल्या, एवढ्या जोड्या गोळा करणारी नजर आता कुणाकडे उरली नाही. आई, नजर म्हणाल्या. बाबा नुसते बसून होते. मग मी काय नाही म्हणू?’

आणि मग रडायला लागली. मिठाचे हात डोळ्यांना लागले, आणखीच रडली. मी तिचा चेहरा धुतला. ओरडायचं होतं ते राहूनच गेलं.

आता सांगा काय करू. दादांना सांगितलं तर त्यांचे हातही गेले असं त्यांना वाटेल, डोळे तर गेलेच आहेत. नाही सांगितलं तर महिनाअखेरीला ते खोट्यावर सही करतील. बाईंना सांगितलं तर मुलगी बदनाम. मला राग तुमचाही येतो, लिहून टाकते. तुम्ही तेव्हा जेवायला परत आला असतात, तर आज या दुकानात डोळ्यांची एक जोडी असती.

पत्राचं उत्तर लवकर पाठवा. कार्ड असलं तरी चालेल.

वहिनी


३१ मार्च

वन्सं,

तुमचं ‘दादांना सांगा, लपवू नका’ हे कार्ड पोचलं, पण बाई त्याच दिवशी सकाळी आल्या. मी काही सांगू शकले नव्हते. रोज ठरवायचे, रोज चहा थंड व्हायचा. जे झालं ते तुम्हाला बैजवार सांगते. तुमचा त्यावर हक्क आहे.

बाई पांढरे हातमोजे घालून आल्या, सोबत कापूस भरलेली खोकी. भिंगरीनं काउंटरवर जोड्या मांडल्या, पुढ्यात चिठ्ठ्या. तिचा रंग उडालेला होता. तुमचे दादा खुर्चीत, धुतलेला शर्ट, दाढी केलेली, हनुवटीवर एक कापलेलं. मी त्याच जिन्यात उभी होते. पडदे नव्हते हातात, एवढाच फरक.

भिंगरीनं त्यांच्या हातात पेन दिलं. ते म्हणाले, ‘आधी जोडी दे.’

तिनं फाकांची दिली. त्यांनी झाकणं काढून मांडीवर ठेवली. करंगळी एकीत घातली. बाहेर काढली. दुसरीत घातली. त्यांनी दोन्ही दाण्या काउंटरवर ठेवल्या, अगदी अलगद, आणि म्हणाले,

‘बाई, हे जोडपं नाही.’

तुमचंच वाक्य, वन्सं. त्याच काउंटरवर.

भिंगरी पुढे झाली. ‘बाबा, ते मी—’

‘भिंगरे, पाहुण्यांना पाणी आण.’

‘बाबा, ऐका तरी—’

‘पाणी आण म्हटलं ना.’ असा आवाज मी त्यांचा फार वर्षांत ऐकला नव्हता. ती आत गेली. मग ते बाईंच्या कानाकडे बघत म्हणाले, ‘यातली एकही जोडी नाही. चुकलं माझं. माझे डोळे गेलेत, वर्ष होऊन गेलं. धंद्यापायी लपवलं. मी तोंडानं सांगतो, मुलगी तसं लिहिते, तिचा यात दोष नाही. माझी सही आता कुठल्याच काचेखाली चालणार नाही.’

बाई हुशार आहेत. हातमोजे काढत म्हणाल्या, ‘डोळे नाहीत, तर मग आत्ता कसं ओळखलंत?’

तुमचे दादा हसले. ‘माझ्या बहिणीनं एकदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.’

बाईंनी पाणी घेतलं, खोकी रिकामीच उचलली. जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. त्यांना सगळं कळलं असावं, पण बोलल्या नाहीत, त्यांचे उपकार. धंद्यातली बाकीची माणसं इतकी चांगली नाहीत. दोन दिवसांत बाजारभर झालं की काचवाला आंधळा झालाय आणि वर्षभर वाटेल त्यावर सह्या करत होता. जुनी गिऱ्हाइकं आपापल्या चिठ्ठ्या घेऊन येतायत, परत तपासून द्या म्हणून. कोण देणार? कालच एकानं त्यांच्या तोंडावर हात हलवून बघितला. ते म्हणाले, ‘कड दिसते हो, अजून कड दिसते.’ मी आत जाऊन दार आपटलं.

ज्या माणसानं नजरेला धक्का लागला म्हणून बहीण गमावली, त्यानं आपणहून सांगितलं की मला नजर नाही. आणि खोटं सांगितलं, वन्सं. चुकलेच नव्हते ते. बाई गेल्यावर मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं होतं?

‘पहिल्याच जोडीला,’ म्हणाले. ‘हातात दिली तेव्हाच. दोन्हींत मीठ. पण पोरीचा आवाज ऐकलास ना तू त्या दिवशी? तोंड तर मला दिसत नाही तिचं. आवाज एवढा खूश होता. म्हटलं, करू दे. विकणार नाही, झालं. रोज मागच्या खोलीत जाऊन चाचपायचो, आज तरी हिच्या लक्षात आलंय का.’

म्हणजे हे दोघं वर्षभर एकमेकांना खूश करत बसले होते आणि मधल्या मध्ये मी चोर शोधत होते. मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं.

भिंगरी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही. ‘तुम्ही माझं पाप का घेतलंत?’ एवढंच म्हणाली. काल नाश्त्याला त्यांनी तिला हाक मारली. आमची टेबलावरची मीठदाणी उपडी करून मीठ बशीत काढलं, झाकण काढलं, तिची करंगळी धरली आणि आत घातली. मग मिरीदाणीत घातली. ती बराच वेळ तशीच उभी होती, बोट आत. मग म्हणाली, ‘हे मला कुणी का नाही सांगितलं?’

तुमचे दादा म्हणाले, ‘सांगणारी होती. मी घालवली.’

मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाकडे वळून, ‘तुझ्या वन्संला लिही. दुकानाला डोळे हवेत, पोरीला गुरू हवा. आणि मला—’

मी म्हटलं, ‘मी कधी लिहिते वन्संना?’

‘टपालवाला तुला कार्डं देतो, तू ती पिठाच्या डब्यात ठेवतेस. रोज दुपारी तुझ्या हाताला पीठ असतं आणि कणीक मळलेली नसते.’

घ्या. या माणसापासून काय लपवणार.

या पत्रासोबत पार्सल आहे. आत आमची मीठदाणी आहे, तुम्ही दिलेली. हे त्यांना न विचारता केलं, आणि केल्यावर सांगितलं. झाकणाचे आटे झिजलेत, जपून उघडा. करंगळी घालून बघा, सगळं आहे तिथे. मिरीदाणी इथे टेबलावर एकटी उभी आहे.

आज सकाळी त्यांचा हात सवयीनं तिच्या शेजारी गेला, थोडा वेळ तिथेच चाचपत राहिला आणि परत आला. मी बशीतून मीठ पुढे केलं. नको म्हणाले. जोडी पुरी होईपर्यंत अळणीच खाणार म्हणे. तुमचा भाऊ किती हट्टी आहे ते मी तुम्हाला काय सांगू.

आम्ही जेवायला थांबतोय.

वहिनी